पत्त्यांची सुबत्ता आणि आडोसा

चतुर्थीला फोंड्याच्या घरी जमलेल्या आम्हा भावंडांचे सगळे फोन एकाच राउटरवर चालत होते आणि जुन्या जोडणीमुळे बाहेरच्या जगाला आमचा एकच आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक) दिसत होता. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीतील जेमतेम ४२९ कोटी पत्ते पुरेनात, म्हणून आलेली ही काटकसर नकळत आडोसाही देत असे. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीतील १२८ बिटांच्या लांब पत्त्यांमुळे प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. सुरुवातीच्या पद्धतीत त्याचा उत्तरार्ध उपकरणाच्या स्वतःच्या, न बदलणाऱ्या मॅक क्रमांकावरून बनत असल्याने म्हापशाहून पेडण्याला नेलेला लॅपटॉप दोन्हीकडे ओळखता आला असता. त्यावर २००१ साली तात्पुरत्या, बदलत्या पत्त्यांची तजवीज झाली; तरी पूर्वार्ध घराच्या जोडणीचाच राहतो, आणि मला खरी मेख तिथेच दिसते. तो लपवायला व्हीपीएन (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाणारी जोडणी) घेतले, तर विश्वास फक्त इंटरनेट कंपनीकडून व्हीपीएन कंपनीकडे सरकतो. टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यात मात्र माहिती सहसा मधल्या संगणकांच्या ३ टप्प्यांतून जाते आणि कोणत्याही एका टप्प्याला पाठवणारा व मुक्काम दोन्ही ठाऊक नसतात. तो संथ आहे खरा. शिवाय त्यातून आपल्याच नावाच्या खात्यात प्रवेश केला (मी केला आहे), तर सारा खटाटोप व्यर्थ जातो.