थीम पार्कचा दिवस बजेटमध्ये बसवताना : माझा अनुभव

थीम पार्कच्या खर्चाचा हिशेब बहुतेक घरांत तिकिटापाशीच संपतो. माझ्या वहीत तिकीट हा एकच आकडा असा असतो, जो घरातून निघताना पक्का ठाऊक असतो. बाकीचे आकडे दुपारी १ ते ४ या वेळात ठरतात. मुलं भुकेली असतात, मोजे भिजलेले असतात, उभं राहून पोटऱ्या दुखत असतात आणि समोर जे दुकान दिसेल तिथून मिळेल ते घेतलं जातं. त्यामुळे माझी आखणी भूक, ओले कपडे, ऊन आणि रांग या चार गोष्टींभोवती फिरते.

आधी तारीख. शाळा सुरू असतानाचा आठवड्यातला मधला दिवस सर्वांत स्वस्त आणि मोकळा असतो, हे सगळेच सांगतात. पण स्वस्त तारखेला पार्क किती तास उघडं आहे, हेही बघावं लागतं. बिगरहंगामात वेळ कमी असते आणि मोठ्या राइड वार्षिक देखभालीसाठी याच काळात बंद ठेवल्या जातात. मी तिकिटाच्या रकमेला उघड्या तासांनी भागते. १० तासांचं महाग तिकीट कधी कधी ६ तासांच्या सवलतीच्या तिकिटापेक्षा तासाला स्वस्त पडतं. बंद राइडची यादीही त्याच वेळी बघून घेते. ज्या राइडसाठी मूल महिनाभर वाट बघतंय तीच बंद असेल, तर सवलतीचा काही उपयोग नाही.

तिकिटाचे दोन मुख्य प्रकार असतात. एकदाच पैसे भरून सगळ्या राइड, किंवा प्रवेश वेगळा आणि राइडचं शुल्क वेगळं. डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं तेव्हा दुसरीच पद्धत होती. तिथे वेगवेगळ्या वर्गांची कुपनं चालत आणि ती १९८२ पर्यंत टिकली. आज एकरकमी तिकीट रुळलंय, आणि त्याचा फटका बसतो तो राइडमध्ये न बसणाऱ्या माणसाला. सोबत आजी किंवा आजोबा येणार असतील, तर 'फक्त प्रवेश' असं तिकीट मिळतं का, हे आधी विचारा. ते मिळत असेल तर बॅगा सांभाळायला एक माणूस आपोआप मिळतो आणि लॉकरचे पैसेही वाचतात.

दर ताडून बघायचे तर पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊनच. आरक्षण शुल्क, कर, पार्किंग हे सगळं तिथे दिसतं. पहिल्या पानावरचा स्वस्त पर्याय तिथे पोचेपर्यंत बऱ्याचदा महाग झालेला असतो. मुलांचं तिकीट काही ठिकाणी वयावर असतं, काही ठिकाणी उंचीवर. वर्षाच्या पासचा हिशेब सोपा आहे. पासच्या किमतीला एका दिवसाच्या तिकिटाने भागा. उत्तर दोनच्या आसपास आलं आणि वर्षात तीनदा जाणं खरंच होणार असेल, तरच घ्या. त्या पासवर कोणत्या तारखा चालत नाहीत, ती बारीक अक्षरातली यादी आधी वाचा. शाळेच्या सुट्ट्या नेमक्या तिच्यात असतात. तिकीट मी निघण्याच्या तीन-चार दिवस आधी काढते, कारण त्या टप्प्यावर हवामानाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. दारावर काढलं तर अनेक पार्कांत जास्त पैसे पडतात. पैसे परत मिळत नसले तरी तारीख बदलून मिळते का, हेही बघून ठेवते.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते : मुलांची उंची मोजणं. राइडच्या अटी साधारण ९०, १०५, १२० आणि १४० सेंटिमीटरच्या आसपास असतात, पण प्रत्येक पार्कचा तक्ता वेगळा असतो. 'एकट्याने बसण्यासाठी' आणि 'मोठ्या माणसासोबत बसण्यासाठी' असे दोन वेगळे आकडेही दिलेले असतात. भिंतीला टेकवून, जे बूट घालून जाणार तेच घालून, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मोजा. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दाबल्या जातात आणि माणसाची उंची जवळजवळ १ सेंटिमीटरने कमी होते. मूल अगदी काठावर असेल, तर उंचीची अट असलेली राइड सकाळीच उरकावी. बुटात काहीतरी घालून उंची वाढवण्याचा उद्योग कृपा करून करू नका. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा शरीराला योग्य जागी धरून ठेवेल, या हिशेबाने ती मर्यादा ठरवलेली असते. मूल लहान असेल, तर त्या पट्ट्यातून ते निसटू शकतं.

उंची कळली की तक्ता घेऊन बसायचं आणि प्रत्येक मुलाला किती राइड मिळतात ते मोजायचं. एकूण राइडच्या एक तृतीयांशसुद्धा मिळत नसतील, तर माझ्या मते वर्षभर थांबावं. आणि जे मिळणार नाही ते मुलाला घरीच सांगावं. रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर मापाच्या पट्टीपाशी नकार ऐकावा लागला की ते रडतं, आणि मग समजूत काढायला काहीतरी विकत घेतलं जातं.

बॅग अशी भरावी की ती एका लहान लॉकरमध्ये मावेल. बाहेरचं खाणं चालतं की नाही हे आधी तपासा. पूर्ण बंदी असली तरी तान्ह्या बाळाचं खाणं आणि पथ्याचे पदार्थ बहुधा चालतात. गाडीपर्यंत जाऊन परत येता येत असेल, म्हणजे हातावर शिक्का मारून पुन्हा आत सोडत असतील, तर जेवण गाडीत ठेवा. माणशी एक रिकामी बाटली घ्या आणि आतल्या नळावर भरा. सनस्क्रीन निघण्याआधी १५ मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. मोठ्या माणसाला सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, म्हणून लहानशी ट्यूब चौघांना दिवसभर पुरत नाही आणि पार्कातल्या दुकानात ती महाग मिळते. माणशी कोरड्या मोज्यांचे दोन जोड, मुलांना कपड्यांचा एकेक जोड, ओल्या कपड्यांसाठी जाड पिशवी, घरूनच नेलेले पातळ रेनकोट, जखमेवर लावायच्या पट्ट्या, फोनसाठी पॉवर बँक. मुलाच्या खिशात आईवडिलांचा नंबर लिहिलेला कागद ठेवाच, आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ती जागा आत शिरताच बोट करून दाखवा.

आता रांग. दिवस वसूल होतो की वाया जातो, ते इथे ठरतं.

रांगेची लांबी बघून वेळेचा अंदाज बांधणं फसवं आहे. रांग पुढे किती वेगाने सरकते, ते बघायला हवं. एका रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जण बसतात आणि दर मिनिटाला गाडी सुटते असं धरा. तासाला १,४४० माणसं झाली. शेजारी लहान मुलांची विमानं आहेत, १६ जागा, आणि बसणं, फिरणं, उतरणं मिळून एक फेरी ४ मिनिटांची. तासाला फक्त २४०. दोन्हीकडे पुढे ६० माणसं उभी असतील, तर कोस्टरला अडीच मिनिटं लागतात आणि विमानांना १५. यामागचा नियम साधा आहे : थांबायचा वेळ म्हणजे पुढची माणसं भागिले दर मिनिटाला जाणारी माणसं. १९६१ साली जॉन लिटल यांनी याची गणिती सिद्धता दिली आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. रांगेच्या एका ओळीतली माणसं मोजा, ओळींच्या संख्येने गुणा, आणि घड्याळ लावून दोन गाड्या सुटण्यातलं अंतर बघा. या कामाला दोन मिनिटं पुरतात.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला, रुळावर दोनऐवजी एकच गाडी चालवत असतील, तर तीच रांग जवळपास दुप्पट वेळ घेते. म्हणून रांगेत शिरण्याआधी गाड्या मोजा. दुसरा, शेजारी पैसे भरलेल्यांची वेगळी वाट असेल आणि निम्म्या जागा तिकडे जात असतील, तर साध्या रांगेचा वेग निम्म्यावर येतो. पाटीवरच्या मिनिटांपेक्षा अशा वेळी माझा स्वतःच्या मोजणीवर जास्त भरवसा असतो.

म्हणून दार उघडायच्या ३० ते ४० मिनिटं आधी पोचायचं आणि पहिल्या तासात कमी क्षमतेच्या राइड उरकायच्या. सगळी गर्दी प्रवेशद्वाराजवळच्या पहिल्या मोठ्या राइडला चिकटते. आपण सरळ मागच्या टोकाला जावं आणि तिथून पुढे येत जावं. तासाला दीड-दोन हजार माणसं नेणाऱ्या, सतत फिरत्या डब्यांच्या बंदिस्त राइड दुपारसाठी ठेवाव्यात. तिथे रांग लांब दिसली तरी सरकत राहते, आणि सावलीही मिळते.

फास्ट पास, म्हणजे साध्या रांगेऐवजी वेगळ्या वाटेने लवकर आत सोडणारा पास, घ्यावा का? डिस्नेच्या पार्कांत १९९९ मध्ये ही कल्पना आली तेव्हा तो तिकिटासोबत फुकट होता. आज बहुतेक ठिकाणी तो विकत मिळतो आणि चौघांसाठी घेतला तर बजेट कोलमडतं. किती राइडवर किती मिनिटं वाचतील ते लिहा, बेरीज करा, आणि तेवढ्या वेळासाठी तेवढे पैसे मोजायचे का ते ठरवा. मधल्या वारी रांगा मुळातच २० मिनिटांच्या असतील, तर माझं उत्तर नाही असंच असतं. त्याआधी दोन फुकट सोयी विचारा. पहिली, एकट्या बसणाऱ्यांची रांग : कुटुंब वेगवेगळ्या गाड्यांत जाईल, पण वेळ पुष्कळ वाचतो. ती मोठ्या मुलांनाच जमते. दुसरी, आळीपाळीची सोय : बाळ असेल तर एक पालक बसून येतो आणि दुसरा पुन्हा रांग न लावता बसतो. ही सोय रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला सांगूनच मिळते. मागितली नाही तर कोणी देत नाही.

पाण्याच्या राइड सगळे जण दुपारी, ऊन डोक्यावर आल्यावर करतात. मी त्या साडेदहाच्या सुमारास, जेवणाआधी करते. रांग छोटी असते आणि ओलं व्हायचं, कपडे-मोजे बदलायचे आणि जेवायचं हे तिन्ही एका दमात होतं. दिवसभरात १० किलोमीटर चालणं सहज होतं. ओल्या मोज्यांत कातडी मऊ पडते, घासली जाते आणि फोड येतात. पायाला फोड आलेलं मूल चालत नाही, मग भाड्याची ढकलगाडी घ्यावी लागते.

जेवण साडेअकराला उरकावं, नाहीतर अडीचनंतर. १२ ते २ च्या रांगेत अर्धा तास जातो आणि भुकेपोटी जास्त मागवलं जातं. जेवल्यावर तासभर गोल फिरणारं काही नको. त्या वेळेत एखादा शो बसवा. ज्याला मळमळतं त्याने कोस्टरच्या मधल्या ओळीत बसावं, कारण उतारावर मागच्या ओळीला झटका जास्त बसतो. झुलत्या जहाजात तर टोकाच्या जागा सर्वांत उंच जातात. नजर समोर ठेवावी, डोळे मिटू नयेत.

वीज कडाडली किंवा वारा वाढला की उंच राइड थांबवल्या जातात. हवामानामुळे थांबवली असेल तर रांग सोडा. ती लवकर सुरू होत नाही. साध्या तांत्रिक कारणाने थांबली असेल तर मी १५ मिनिटं थांबते, त्याहून जास्त नाही. पावसात घरी पळू नका. रेनकोट घालून तासभर छताखाली काढा. निम्मी गर्दी निघून जाते आणि नंतरच्या दोन तासांत सकाळभर झाल्या नाहीत तेवढ्या राइड होतात.

खरेदीसाठी प्रत्येक मुलाला सकाळीच ठरावीक रक्कम पाकिटात द्या आणि एकच नियम ठेवा : वस्तू शेवटच्या तासात घ्यायची. दुकानं मुद्दाम राइडच्या बाहेर पडायच्या वाटेवर असतात आणि उतरल्या उतरल्या सगळंच हवंसं वाटतं. संध्याकाळपर्यंत दहातल्या आठ वस्तू मुलं विसरलेली असतात. नेमबाजी, रिंगफेकीचे खेळ बहुधा तिकिटात नसतात. त्यांचे पैसेही त्याच पाकिटातून.

बंद व्हायच्या आधीच्या तासात लहान मुलांची कुटुंबं निघालेली असतात. बहुतेक पार्कांत बंद होण्याच्या क्षणापर्यंत रांगेत शिरलेल्यांना बसू देतात, म्हणून सगळ्यांना आवडलेली राइड मी शेवटच्या १० मिनिटांसाठी राखून ठेवते. गाडीत कोरडे कपडे, पाणी आणि पोटभरीचं काहीतरी ठेवलेलं असतं, त्यामुळे परतीच्या वाटेवर जेवायला थांबावं लागत नाही. पार्किंगचे पैसे जाताना भरायचे असतील तर एक जण दहा मिनिटं आधीच यंत्रापाशी जातो. पावत्या त्याच रात्री वहीत उतरवते, रकमेसोबत वेळही. ज्या तासात सगळ्यात जास्त खर्च झाला, त्या तासात आम्ही कुठे होतो आणि कशासाठी थांबलो होतो, तेवढंच समोर लिहून ठेवते.