हिरवळीचे पाणी आणि दाबाचे गणित

गोराईच्या रो-हाउसमध्ये राहायला आल्यावर घरापुढच्या 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद मोकळ्या जागेत हिरवळ लावायचे ठरले, तेव्हा तिला पाणी कसे घालायचे हा प्रश्न मला अगदीच किरकोळ वाटला होता. संध्याकाळी रबरी नळी हातात धरून अर्धा तास उभे राहायचे, एवढीच माझी कल्पना होती. लोकलमधून उतरून रात्री साडेआठला घरी पोहोचणाऱ्या माणसाची ही कल्पना दोन आठवडेही टिकली नाही आणि मी तुषार संचाच्या चौकशीला लागलो.

दुकानात आधी दाखवतात ती तोंडे, म्हणजे नोझल. जमिनीतून वर येणारी, पाणी थांबले की पुन्हा आत जाणारी पॉप-अप तोंडे पाहून मीही हरखलो होतो. हरभऱ्याला तुषार संचाने पाणी देणाऱ्या जुन्नरच्या मामेभावाला फोनवर हे सांगितले, तर तो एवढेच म्हणाला, ‘‘दादा, आधी दाब मोज, तोंडं मग घे.’’

दाब मोजल्यावर त्याचे म्हणणे पटले. आमच्या गच्चीवरची टाकी अंगणापासून जेमतेम 7 मीटर उंच आहे. 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, या हिशेबाने अंगणातल्या नळाला 0.7 बार मिळायला हवा होता आणि दाबमापकाचा काटाही तिथेच थांबला. साध्या फवारा तोंडांना सुमारे 2 बार आणि फिरत्या धारांच्या नोझलना पावणेतीन बारच्या आसपास दाब लागतो. म्हणजे कोणतेही तोंड घेतले तरी वेगळा प्रेशर पंप लागणारच होता, आणि तोंडांच्या किमतींची तुलना करण्यात घालवलेले दोन रविवार वायाच गेले होते.

पंप घ्यायचाच, तर त्याला पाणी किती पुरवता येते हा पुढचा मुद्दा होता. टाकीवरून येणाऱ्या नळाखाली 15 लिटरची बादली ठेवली, ती 40 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर. एका तोंडाचे पाणी शेजारच्या तोंडापर्यंत पोहोचलेच पाहिजे, नाहीतर मधे पिवळे चट्टे पडतात, हा नियम पाळून आखणी केली, तर 10 फूट फेकीची साधी तोंडे बारा लागत होती आणि ती एकत्र चालवायला मिनिटाला 36 लिटर पाणी हवे होते. त्यासाठी बागेचे दोन भाग पाडून दोन व्हॉल्व्ह बसवावे लागले असते. 20 फूट फेकीची फिरत्या धारांची नोझल मात्र चार कोपऱ्यांत चार आणि लांब बाजूंच्या मध्यावर दोन, अशी सहाच पुरतात आणि त्यांना मिनिटाला सुमारे 12 लिटर लागतात. साध्या तोंडांचे पाणी ताशी 40 मिलिमीटरच्या वेगाने पडते, ते मुरुमाच्या भरावावर पसरलेल्या आमच्या पातळ लाल मातीत मुरण्याआधीच गटाराकडे वाहू लागते. फिरत्या धारांचा वेग त्याच्या एकतृतीयांश असल्याने ते जिथे पडते तिथेच जिरते. मी दुसरा पर्याय निवडला. दोन्ही प्रकार एकाच व्हॉल्व्हवर जोडून देण्याची प्लंबरची तयारी होती, पण मग एका भागात चिखल झाला असता आणि दुसरा कोरडा राहिला असता, म्हणून मी नकार दिला.

सोसायटीच्या बोअरवेलचे पाणी फुकट आहे, तेच वापरा, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. खाडी जवळ असल्याने ते पाणी मचूळ आहे. मुळाशी दिलेले असे पाणी काही झाडे एक वेळ सोसतात, पण तुषार संचाने ते थेट पात्यांवर पडते, वाळल्यावर मागे मीठ राहते आणि पाती टोकांपासून करपतात. शिवाय नोझलच्या बारीक छिद्रांत क्षार साचतात ते वेगळेच.

राहिले पालिकेचे पाणी, आणि इथे मन थोडे खाल्ले. दिवसाला 5 मिलिमीटर धरले तरी या जागेला साधारण 280 लिटर लागतात. दरडोई दररोज 135 लिटर हा नेहमीचा मापदंड लावला, तर हे दोन माणसांचे पाणी झाले. हिशेब ऐकून आई म्हणाली, ‘‘गवताला दोन माणसांचं पाणी पाजतोस होय रे!’’ त्यानंतर कुंपणालगतची 8 फूट रुंद पट्टी हिरवळीतून वगळून तिथे जास्वंद आणि अनंत लावले व त्यांना ठिबकची नळी दिली. उरलेल्या हिरवळीची रुंदी 12 फुटांवर आल्याने नोझलही कमी फेकीची घेतली.

टायमर साधा, बॅटरीवर चालणारा घेतला. पहाटे साडेपाचला, एक दिवसाआड पाणी सुटते. संध्याकाळी दिले तर गवत रात्रभर ओले राहून त्यावर बुरशी येते. पावसाची चाहूल घेणारे उपकरण दुकानदाराने आग्रहाने सुचवले होते, पण एकट्या जुलैत सांताक्रूझला 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, अशा शहरात जूनमध्ये टायमर काढून कपाटात ठेवला की काम भागते.