विचार करतोय की बंद पडलाय?

परवा रात्री मोबाईलवर बुद्धिबळ खेळत होतो, दहा मिनिटांचा डाव, आणि घोडा असा काही टाकला की समोरच्याचा वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम अडकले. समोरचा गप्प. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं, म्हटलं घाम फुटला गड्याला. मी मिशीला पीळ देत बसलो (मिशी नाहीये मला, पण तरी). मग स्क्रीनवर मेसेज, समोरच्याचं कनेक्शन तुटलंय. म्हणजे तो विचार वगैरे काही करत नव्हता, बसला असेल राउटर बंद-चालू करत.

तेव्हापासून ती १९७० ची कॉम्प्युटर-कॉम्प्युटरमधली बुद्धिबळ स्पर्धा डोक्यात घोळतेय. न्यूयॉर्कचं हिल्टन हॉटेल, सहा प्रोग्राम, खेळाडू फक्त कॉम्प्युटर. पण गंमत म्हणजे हॉटेलात कॉम्प्युटर आणलेला एकच, व्हेरियन कंपनीचा छोटासा. बाकीची धुडं खोलीभर पसरलेली, ती कोण उचलून आणणार? ती आपापल्या जागी, आणि चाली यायच्या टेलिफोनच्या तारेवरून. जो प्रोग्राम जिंकला तो चेस ३.० शिकागोजवळ इव्हान्स्टनमध्ये, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या सीडीसी ६४०० या कॉम्प्युटरवर चालत होता. पटावर बसलेला माणूस म्हणजे नुसता निरोप्या, तिकडून चाल आली की प्यादं सरकवायचं, घड्याळ दाबायचं आणि परत वाट बघत बसायचं.

आणि मला वाटतं सगळ्यात बिचारा तोच. समोर माणूस असला तर तो डोकं खाजवतो, चहा मागवतो, पाय हलवतो, काहीतरी कळतं. इथे नुसती शांतता, आणि मशीन खोल विचारात आहे, का तार तुटलीय, का तिकडे मशीनच झोपलंय, हे दिसायला तिन्ही सारखंच, आणि घड्याळ टिकटिक करतंय. म्हणून मग नियमच केला होता की मशीन किंवा लाइन बिघडली तर परवानगी घेऊन ठराविक वेळ घड्याळ थांबवता येईल. मला तर हेवाच वाटला. आमच्याकडे 'नेट गेलं होतं रे' म्हटलं की मित्र हसतात नुसते.

१९७४ ला स्टॉकहोमला कॉम्प्युटर बुद्धिबळाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे सोव्हिएत 'काइसा' (हाही प्रोग्रामच) चारपैकी चार डाव जिंकली, आणि तिचं मशीन होतं मॉस्कोत, तेही ब्रिटिश, आयसीएल कंपनीचं. शीतयुद्धाच्या दिवसांत स्टॉकहोमहून मॉस्कोला फोन लावून चाली सांगायच्या! इथे पुण्याहून साताऱ्याला बोलताना 'हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का' करण्यात अर्धा कॉल जातो.

पण खरी हळहळ वाटते ती १९९५ च्या हाँगकाँगच्या जागतिक स्पर्धेची. डीप ब्लू या आयबीएमच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटरचा प्रोटोटाइप (आधीचं चाचणीचं मॉडेल), मशीन तिकडे न्यूयॉर्क राज्यातल्या लॅबमध्ये, आणि समोर फ्रिट्झ नावाचा प्रोग्राम, ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर, म्हणजे तेव्हा कुणाच्याही टेबलावर असेल असा पीसी. शेवटची फेरी. डावात मधेच लाइन तुटली. परत जोडली तेव्हा मशीनचा तोवरचा विचार पाण्यात, आणि घड्याळ पुढे गेलेलं, सगळं नव्याने सुरू. आपलं पण होतंच की, फोन कट होतो, परत लागतो आणि 'हां, कुठे होतो आपण?' असो, हरायला एवढंच कारण नव्हतं, चालीसुद्धा चुकल्याच. पण डीप ब्लू हरला, आणि फ्रिट्झ पुढे प्लेऑफ खेळून चॅम्पियन झाला.

परवा पुढच्याच डावात माझंच नेट गेलं. चाल कुठली करायची ते ठरलं होतं, बोट वजिरावर, आणि ते गोल गोल चक्र फिरतंय. तिकडे कुणीतरी मिशीला पीळ देत बसला असेल. बसू दे.