रुग्णाचा अधिकार मोजताना

सांगली, सप्टेंबर, गुरुवार रात्र

कर्करोगाच्या रुग्णाला स्वतःच्या आयुष्यावर आणि उपचारांवर आपला कितपत अधिकार वाटतो, हे मोजण्याच्या कामासाठी सध्या मिरजेला जाणे-येणे चालू आहे. सोबत दोन साधने असतात. पहिले म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्स्टन दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीचे 1994 चे रूप. त्यात 18 विधाने असून आजाराचा उतारचढाव रुग्ण स्वतःकडे, नशिबाकडे, डॉक्टरांकडे की इतर माणसांकडे सोपवतो, हे कळते. दुसरे साधन कॅनडातील परिचारिका-संशोधक लेस्ली डेगनर यांची पाच कार्डे. निर्णय पूर्णपणे मीच घेईन इथपासून तो पूर्णपणे डॉक्टरांनी घ्यावा इथपर्यंतच्या पायऱ्या त्यांवर असतात, आणि रुग्ण त्या पसंतीच्या क्रमाने लावतो.

आज तासगावकडच्या एक मावशी आल्या होत्या. मुलगा शेजारी बसलेला असताना त्यांनी डॉक्टरांचे कार्ड लगेच वर ठेवले. मुलगा योजनेच्या कागदांसाठी रेशनकार्ड घेऊन खिडकीकडे गेला, तशा त्या हळूच म्हणाल्या, "औषध कुठलं द्यायचं ते डॉक्टरास्नीच ठरवू द्या. पण फळछाटणीच्या येळंला मला घरी असाय पायजे, हे त्यास्नी कोण सांगणार?" कार्डांच्या क्रमात या प्रश्नाला जागा नव्हती. उपचाराचा निर्णय त्यांना नकोच होता. ऑक्टोबरातल्या छाटणीला द्राक्षबागेत उभे राहण्याचा हक्क मात्र हवा होता. शिवाय कार्डांवर रुग्ण आणि डॉक्टर एवढेच दोघे आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा ठरवणारा तिसराच असतो.

डॉक्टरांवर भार टाकणे म्हणजे हार मानणे, असे मला मुळीच वाटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आजार आपल्या हातात आहे असे मानणाऱ्या स्त्रिया मनाने अधिक सावरलेल्या दिसल्याच, पण तो डॉक्टरांच्या किंवा उपचारांच्या हातात आहे असे मानणाऱ्याही तशाच सावरलेल्या दिसल्या. उलट, पहिल्या साधनात स्वतःकडचा आकडा मोठा आला की मला काळजी वाटते. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग झालेला माणूस "बरेवाईट होण्याला मीच जबाबदार" अशा आशयाच्या विधानाला जोरात होकार देतो, तेव्हा त्यातला विश्वास किती आणि अपराधीपणाची बोच किती, हे बेरजेतून कळत नाही. त्याच्याजवळ बसून विचारावेच लागते.

यापुढे प्रश्न रुग्णाला आधी एकट्याला विचारावेत, आणि घरात, शेतात, जेवणाखाण्यात, पैशात कोणते निर्णय अजून त्याच्या हाती आहेत याची वेगळी नोंद ठेवावी, असे मी उद्या सहकाऱ्यांपुढे मांडणार आहे. मावशींचा छाटणीचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या संमतीने, कागदावर उतरवून त्यांच्या हाती दिला आहे; पुढच्या तपासणीला मुलासमोरच तो डॉक्टरांना दाखवायला त्या तयार आहेत.