15 वर्षांचं कुलूप

आज्जी 2009 साली गेली आणि कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराला कुलूप लागलं. वडील आणि काका नोकरीनिमित्त केव्हाच बाहेर पडलेले, आत्ती सांगलीला. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन झाडलोट करायचं, पुढं तेही थांबलं. 2019 च्या महापुरात सोप्यात कमरेएवढं पाणी आलं, 2021 ला पुन्हा. त्यानंतर शेजारच्या काकूंचा फोन आला, "तुमचा पिंपळ आमच्या न्हाणीची भिंत फोडायला लागलाय. काय ते बघा आता."

त्या फोनपासून घरात माणसं राहायला येईपर्यंत तीन वर्षं गेली. गवंडीकाम त्यातलं चार महिन्यांचं. बाकी सगळा वेळ कागदांनी खाल्ला.

माझी पहिली चूक म्हणजे मी आधी गवंड्याला बोलावलं. त्यानं अंदाज दिला, मी लाईटसाठी अर्ज करायला गेलो. मीटर कधीच काढून नेलेलं. कनेक्शन कायमचं बंद होऊन सहा महिने उलटले की नव्यानंच अर्ज करावा लागतो आणि त्याला जागेच्या मालकीचा पुरावा लागतो. मिळकत पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचा मालकीचा उतारा, काढली तर तिच्यावर अजून आजोबाच. ते 1984 मध्ये गेले. म्हणजे आज्जी असतानाही वारस नोंद कुणी केलेली नव्हती.

हक्कसोडपत्राचा, म्हणजे आत्तीनं घरातला आपला वाटा सोडल्याच्या कागदाचा, मसुदा टाइप करूनच मी सांगलीला गेलो. आमच्याकडं रीतच तशी पडलीय, बहिणीनं सही करायची आणि साडीचोळी घेऊन परत जायचं. आत्तीनं चष्मा लावला, मिळकत पत्रिकेवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठाय?"

म्हटलं, अजून कुणाचंच लागलेलं नाही.

"मग लागायच्या आधीच काढायला आलायस व्हय?"

मला उत्तर सुचेना. चहा झाल्यावर तीच म्हणाली, "मला त्या घराचा रुपया नको. पण नाव राहू दे. त्या माजघरात जन्मलेय मी."

परत आल्यावर वकिलांना विचारलं. घर आजोबांनी स्वतः घेतलेलं आणि ते मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळं 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंच आत्तीचा वाटा तिच्या भावांइतका होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीपर्यंत जायचीही गरज नव्हती. मसुदा मी फाडून टाकला. नगर भूमापन कार्यालयात सगळ्या वारसांची नावं लावायचा अर्ज केला, आणि दुरुस्ती, लाईट, भाडेकरार एवढ्यापुरतं सगळ्यांनी आपल्या वतीनं सही करायचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र मला दिलं. हे आधी सुचलं असतं तर वर्ष वाचलं असतं. पुण्याची चुलतभावंडं, जी दोन वर्षं फोन उचलत नव्हती, ती 'कुणाचंच नाव कमी होणार नाही' म्हटल्यावर एका रविवारी येऊन बसली.

मृत्यूच्या दाखल्यावर आजोबांचं नाव एक, पत्रिकेवर दुसरं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. एका कार्यालयात आमची फाईल दोन महिने सापडत नव्हती. अर्जाची पोच जपून ठेवली होती म्हणून निभावलं. घरफाळ्याची थकबाकी भरली, त्यावर महिन्याला 2 टक्के शास्ती चढलेली. घर बंद असलं तरी ती चढतच असते, आणि हे कुणाही भावंडाच्या ध्यानात नव्हतं.

मग घर. पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मूळ राहिलं की पुढच्या पावसात परत फुटतो. त्यासाठी भिंतीचा कोपरा उतरवून मुळासकट काढला. भिंती मातीच्या, पुरात दोनदा भिजलेल्या. पहिला गवंडी सिमेंटचा गिलावा म्हणत होता. दुसऱ्या, वयस्कर गवंड्यानं भिंतीला तळहात लावला आणि म्हणाला, "हिला सिमेंट मारलं तर ओल आतच कोंडणार. चुना लावू." चुना भिजत घालण्यापासून सगळं त्यानं स्वतः केलं. सागवानी खांबांपैकी एकच वाळवीनं खाल्लेला निघाला. 2021 च्या पाण्याची तपकिरी रेघ गिलाव्याखाली जायच्या आधी मी खांबावर खिळ्यानं खूण करून घेतली, आणि वायरमननं सगळे बोर्ड त्या खुणेच्या वर बसवले.

भाडेकरू ठेवायचं म्हटल्यावर वडील घाबरले, "एकदा बसला की उठत नाही." निम्मी घरं ह्याच भीतीनं बंद राहतात. पण महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग मुदत 11 महिन्यांची का असेना. आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. वडिलांना ते कलम वाचून दाखवलं, तेव्हा ते राजी झाले.

सीपीआर या सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक सिस्टर आणि त्यांचं कुटुंब आता तिथं राहतं. भाड्याचे वाटे होतात. आत्ती तिचा घेत नाही, घरफाळ्याला ठेवायला सांगते. चाव्या देताना सिस्टरना खांबावरची खूण दाखवली आणि सांगितलं, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट, म्हणजे इशारा पातळीला, आलं की सामान माळ्यावर, 43 च्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

पावसाळ्यात एका रात्री त्यांचा फोन आला, "दादा, 38 वर आहे पाणी. पिठाचे डबे आणि पोरीची पुस्तकं वर ठेवली. तुमच्या आज्जींचा पाटाही ठेवू का?"

म्हटलं, "तो जड आहे. राहू दे, त्यानं दोन्ही पूर बघितलेत."