तुम्ही विचारलंत म्हणून: लाल कांदा की पांढरा?

मी प्रयोगशाळेत कांद्यातली अँटिऑक्सिडंट्स, म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं, मोजते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, मग लाल चांगला की पांढरा?’ दादरच्या माझ्या भाजीवालीनंही विचारलं; तिला अर्थात पाटीत जो होता त्याच्याच बाजूचं उत्तर हवं होतं.

उत्तर आहे, लाल. कांद्यातलं मुख्य अँटिऑक्सिडंट म्हणजे क्वेर्सेटिन आणि पांढऱ्यात ते नावापुरतंच असतं. पण ‘किती मिलिग्रॅम?’ म्हणालात, तर मी उलट विचारणार: कांद्याचा कुठला भाग?

टरफलात ते सगळ्यात जास्त. त्याखालच्या पहिल्या जाड पापुद्र्यात बऱ्यापैकी, आणि गाभ्याकडे जावं तसं कमी कमी. म्हणून आम्ही सोललेल्या कांद्याची देठापासून मुळापर्यंत उभी फोड घेतो, म्हणजे सगळे पापुद्रे येतात. ती मिथेनॉल मिसळलेल्या पाण्यात वाटून गाळायची. हा अर्क डीपीपीएच या रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात घालून अर्धा तास अंधारात ठेवला की अँटिऑक्सिडंट्समुळे जांभळा रंग उतरून पिवळट होतो. किती उतरला, ते यंत्र 517 नॅनोमीटरवर मोजतं. बघायला झकास, पण रंग नेमका कुठल्या द्रव्यानं उतरवला हे त्यातून कळत नाही. फिनॉल, म्हणजे क्वेर्सेटिन ज्यात मोडतं तो संयुगांचा गट, मोजणारी फोलिनची निळ्या रंगाची चाचणी तर 1927 साली प्रथिनांसाठी निघालेली. ती क जीवनसत्त्वही फिनॉलच्याच खात्यात जमा करते. नुसतं क्वेर्सेटिन हवं तर एचपीएलसीला, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, पर्याय नाही.

त्यात पाण्याचा घोळ. कांद्यात पाणीच 85 टक्क्यांच्या वर. कांदाचाळीत काही महिने राहिलेला माल सुकतो आणि ताज्या वजनावर काढलेला आकडा आपोआप फुगतो. मी कोरड्या वजनावरचाच आकडा धरते.

आणि परीक्षानळीत रंग उतरला म्हणजे शरीरातही तेच होतं, असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं खाद्यपदार्थांच्या परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची यादी 2012 मध्ये मागे घेतली, कारण कंपन्या ती जाहिरातीत मिरवत होत्या. पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ दिसलं की मी किंमत बघते.

घरी एवढंच करा: सोलताना टरफलाबरोबर पहिला जाड पापुद्राही फेकायची सवय सोडा. कांदा उकडलात तर ते पाणी आमटीत घाला, क्वेर्सेटिन त्यात उतरतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ मात्र मीही दर उन्हाळ्यात घेते. तो गोड लागतो, म्हणून.