एम-ओ-डब्ल्यू

फिजीचे पाहुणे पणजोबांचं गाव शोधत ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आले तेव्हा दोन गोष्टी त्यांना अगदी पाठ होत्या: पणजोबा ‘सतलज’ जहाजावरून गेले आणि गाव आग्र्याकडचं.

सतलजच्या फिजीला पाच फेऱ्या झाल्या. पाचवी 1916 ची, गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, शेवटची. नोंदीत जहाजाच्या नावापुढे फेरीचा रोमन आकडा असतो, तो घरोघर विसरला जातो. म्हणून मी आधी पासचा, म्हणजे मजुराला मिळालेल्या परवान्याचा, क्रमांक विचारतो. 1879 च्या लिओनिडास या पहिल्या जहाजापासून हे क्रमांक चढत साठ हजारांपुढे जातात. क्रमांक मिळाला की फेरी ठरली. जहाज शोधणं तसं सोपंच. खरी कसरत गावाची.

सुवाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पासची प्रत आली. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जवळचा नातेवाईक, जिल्हा, थाना, गाव. शिवाय नोंदणीचं ठिकाण वेगळं. आग्रा होतं ते तिथे! भरतीवाल्यांनी माणूस जिथे नोंदवला ते शहर घरच्यांनी गाव धरलं होतं.

जिल्हा ‘ग्वालियर’. म्हणजे अख्खं शिंद्यांचं संस्थान, भिंडपासून मंदसौरपर्यंत. त्यावरून काय कळणार? गावापुढे रोमन लिपीत तीन अक्षरं: एम, ओ, डब्ल्यू. एवढ्यावरून मंडळी महूला जाऊन आली होती. पण महू होळकरांच्या राज्यातली छावणी, आणि इंग्रज तिच्या नावात एमनंतर एच घालत. इथे एच नाही. थान्याच्या ओळीत शाई फुटलेली. भिंगाखाली जी, ओ, एच आणि शेवटी डी लागले. गोहद! त्या बाजूला मऊ आहे, भिंड जिल्ह्यात.

गावात गेलेल्या माणसाचं नाव विचारून फारसं हाती लागत नाही. मागे राहिलेल्याचं विचारावं. नातेवाईकाच्या रकान्यात भाऊ होता. त्याच्या नावावर जमीन असली तर जुन्या खतौनीत, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत सापडतो, नाहीतर सोरों या तीर्थाच्या पंड्यांच्या बहीत, म्हणजे वंशावळीच्या वहीत. बही गाव आणि जात सांगितल्यावर उघडते, आणि नेमकी जातच पासवर भरवशाची नाही. भरतीच्या डेपोत बदलून सांगणारे पुष्कळ. तेव्हा दोन-तीन जाती विचारायची तयारी ठेवावी.

मऊत बहीपर्यंत जावंच लागलं नाही. चबुतऱ्यावरच्या म्हाताऱ्या दाऊंनी भावाचं नाव ऐकलं आणि उलट आम्हालाच विचारलं, “कौन, वो टापूवाले का भाई?”